आज तुझ्या रानात, उद्या माझ्या

(प्रस्तावना)

कारखान्याच्या कार्मिक विभागात मी एकतीस वर्षं काढली. या काळात सहली किती काढल्या, स्नेहसंमेलनं किती भरवली याची मोजदाद नाही. पण एक सहल विसरू म्हटलं तरी विसरत नाही. पानशेतच्या वाटेवरचं रिसॉर्ट, शनिवारची सकाळ, तीन बसगाड्या आणि दारात हजेरीचा कागद घेऊन उभा असलेला मी. वरून हुकूम होता, जो येणार नाही त्याची रजा टाका. लोकांनी सह्या केल्या, कंपनीचं नाव छापलेल्या टोप्या घेतल्या, पोहे खाल्ले. मग खास बोलावलेल्या एका तरुणाने माईक हातात घेऊन सगळ्यांना गोलात उभं केलं आणि 'विश्वासाचा खेळ' सुरू केला. डोळे मिटायचे, अंग सैल सोडून मागे पडायचं आणि मागच्याने झेलायचं. पेंटशॉपचे एक जुने मिस्त्री मात्र हाताची घडी घालून उभेच. मी जवळ जाऊन आग्रह केला तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "साहेब, गेल्या महिन्यात ओव्हरटाइमचे तास कापले, तेव्हा कुणी झेललं नाही. आता कशाला पडू?"

मला उत्तर सुचलं नाही. जेवणानंतर रस्सीखेच झाली, फोटो निघाले, सोमवारी नोटीस बोर्डावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. अहवालात मी 'कार्यक्रम यशस्वी' असं लिहिलं आणि खाली सही केली.

पुढे दोनच महिन्यांत खंडेनवमी आली. खंडेनवमीला कुणाला बोलवावं लागत नाही. रात्रपाळी सुटलेली पोरं घरी न जाता थांबली, पहिल्या पाळीची माणसं तासभर आधी आली. लेथ, मिलिंग, ड्रिल, सगळी यंत्रं पुसून, तेलपाणी होऊन चकचकीत झाली. झेंडूच्या माळा चढल्या. टूलरूममधल्या एकाने फरशीवर व्हर्नियर कॅलिपरची रांगोळी काढली. आदल्या दिवशी वर्गणीवरून झालेलं भांडण नारळ फुटेपर्यंत मिटलंही होतं. सगळ्यांत देखणा कोपरा पेंटशॉपचा, आणि कडक इस्त्रीची टोपी घालून तिथे प्रसाद वाटत होते तेच मिस्त्री. कंपनीचा खर्च म्हणाल तर पेढे आणि दोन तास थांबलेली यंत्रं.

माणसं तीच, कारखाना तोच. एका मौजेत ती हाताची घडी घालून उभी राहिली आणि दुसरीसाठी झोप मोडून आली. हे असं का होतं, हा प्रश्न निवृत्तीनंतरही माझ्या मागे राहिला. त्याच्या मागे लागून जे वाचलं, पाहिलं, जुन्या सहकाऱ्यांना विचारलं, त्याचं हे पुस्तक झालं आहे.

*

उत्तराचं पहिलं टोक सापडलं ते गावाकडे. आमच्याकडे इर्जिक घालायची रीत होती. एखाद्याची पेरणी मागे पडली, ऐन हंगामात बैल बसला, किंवा घरात औत धरणारा माणूस उरला नाही, की गावातले शेतकरी आपापले बैल आणि औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचे. दहा दिवसांचं काम एका दिवसात उरकायचं. मजुरी कुणी घ्यायची नाही. रानाच्या धन्याने ऐपतीप्रमाणे सगळ्यांना जेवण घालायचं. पंगतीत कुणाचा बैल पळाला, कुणाचं तास वाकडं गेलं, यावर पुढचा महिनाभर पुरेल एवढी थट्टा व्हायची. सावड आणि वारंगुळा ही इर्जिकीचीच भावंडं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी शेतकरी भातखाचरं तयार करायला असेच एकत्र येतात. तिथे त्याला पडकई म्हणतात. कापणी-मळणीला भलरी म्हटली जायची. एकाने ओळ काढायची, बाकीच्यांनी उचलून धरायची आणि विळे एका तालात चालायचे.

भलरीने हात दुखत नाहीत, असं जुनी माणसं म्हणत. मी ते हसण्यावारी नेत असे. २०१० च्या सुमारास ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या वल्हेपटूंवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तीच मेहनत, तेवढाच वेळ. एकदा एकट्याने वल्ही मारायची आणि एकदा सगळ्यांनी मिळून एका लयीत. दोन्ही वेळा नंतर वेदना सोसण्याची ताकद मोजली. मिळून वल्ही मारल्यावर ती कितीतरी जास्त निघाली. आमच्या रानातल्या म्हाताऱ्यांना यासाठी प्रयोगशाळेची गरज पडली नव्हती.

इर्जिकीतली मौज कामानंतरची नाही, ती कामाच्या पोटातली आहे. आणि ती टिकते एका साध्या हिशेबावर: आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. ज्याच्याकडे आज गाव राबतं, तो उद्या दुसऱ्याच्या बांधावर बैल घेऊन हजर असतो. धनी म्हणून तो सावलीत बसत नाही, स्वतः औत धरतो. उद्या आपली पाळी येणार आहे, हे माहीत असल्यामुळे आज कुणी अंग चोरत नाही आणि कुणाला उपकाराखाली दबल्यासारखंही होत नाही.

'पाळी' या शब्दाची गंमत मला फार उशिरा कळली. कारखान्यात पाळी म्हणजे शिफ्ट. गावात पाळी म्हणजे आपला नंबर. विहिरीच्या पाण्याची पाळी, देवळातल्या दिव्याची पाळी. आम्ही कारखान्यात पहिला अर्थ घड्याळावर मिनिटागणिक पाळला आणि दुसरा पार विसरलो. मिस्त्रींनी मला त्या रिसॉर्टवर नेमकी याचीच आठवण करून दिली होती: झेलण्याची पाळी तुमची होती, ती तुम्ही चुकवलीत.

हा हिशेब शहरातही चालतो, याचं उत्तम उदाहरण मुंबईचे डबेवाले. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या कामात मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आली. त्यांचे गट असतात, गटाला मुकादम असतो, आणि मुकादमही डबे उचलतो. गटाची कमाई गटात वाटली जाते. एखादा आजारी पडला तर त्याची लाईन दुसरा सांभाळतो. चैत्रात गावच्या जत्रा आल्या की सगळे मिळून काही दिवस सुट्टी घेतात आणि मुंबईकर त्या दिवसांत मुकाट्याने बाहेर जेवतात. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर त्यांची संख्या पुष्कळ घटली, पण रीत तीच आहे. व्यवस्थापनाचे जाणकार त्यांच्याकडून वक्तशीरपणा शिकायला येतात. मला वाटतं, जत्रेची सुट्टी शिकून जावी. काम एकत्र थांबवता येतं, म्हणूनच ते एकत्र चालतं.

*

'कर्मचाऱ्यांचं मनोरंजन' ही कल्पना परदेशी कंपन्यांनी आणि हिंजवडीच्या काचेच्या इमारतींनी आपल्याला दिली, असा एक समज आहे. आपल्याकडे तिचा इतिहास बराच जुना आहे आणि तो बहुतेक कामगारांनी स्वतः घडवलेला आहे.

मी तो इतिहास रविवारपासून मोजतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आठवड्याला एक दिवस सुट्टी मिळावी, ही तिची एक ठळक मागणी होती. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. ज्याला सात दिवसांतला एकही दिवस स्वतःचा नाही, त्याला सहल कसली आणि खेळ कसला? म्हणून या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाचं नावच 'रविवार' आहे.

गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसं एकेका गाळ्यात दाटीने राहत. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी वळकटी पसरायचा. जेवण खानावळीत. बायकामुलं गावी. अशा माणसांनी भजनी मंडळं काढली, व्यायामशाळा काढल्या, लेझीमची पथकं उभी केली, गावाचं नमन आणि दशावतार चाळीच्या पटांगणात आणला, कबड्डीचे संघ बांधले. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि पुढे या संस्थेने परळला दामोदर नाट्यगृह उभं केलं. कापड खात्यात धाग्याशी झटणारी माणसं रात्री तिथे तोंडाला रंग लावून उभी राहू लागली. कामगार रंगभूमी उभी राहिली ती अशी.

पुढे सरकारने यात लक्ष घातलं. १९५३ मध्ये मुंबई कामगार कल्याण निधी कायदा झाला आणि त्यातून आजचं महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ उभं राहिलं. मंडळाच्या नाट्यस्पर्धा, भजनस्पर्धा, ललित कला भवनं आणि कल्याण केंद्रं मराठी कामगारांना परकी नाहीत. पण निधीत पैसा कुठून येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मालक, कामगार आणि सरकार यांच्या वर्गणीखेरीज दोन गोष्टी त्यात जमा होतात: कामगारांकडून वसूल केलेला दंड आणि कुणी न उचललेला पगार किंवा बोनस. कायदा लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण मला ही तरतूद फार आवडते. कामगाराला ठोठावलेला दंड मालकाच्या खिशात न जाता कामगाराच्याच नाटकाच्या पडद्याला लागतो.

आमच्या कारखान्यानेही एका वर्षी या नाट्यस्पर्धेत भाग घेतला. तालमी दुसरी पाळी सुटल्यावर, रात्री साडेअकरानंतर कँटीनमध्ये. टर्नर विभागातला एक मुलगा फौजदार झाला आणि लेखा विभागाचे अधिकारी चोर. फौजदार चोराला दरडावायचा तेव्हा पहिल्या दोन तालमींत त्याचा आवाजच फुटेना. तिसऱ्या दिवशी चोरच म्हणाले, "अरे, ओरड! नाहीतर नाटक पडेल." कारखान्याच्या व्यवस्थापकांना अभिनय जमेना, म्हणून त्यांच्याकडे पडदा ओढण्याचं काम आलं, आणि एका प्रयोगात तो त्यांनी भलत्याच वेळी ओढल्यामुळे पुढचे सहा महिने त्यांची यथेच्छ चेष्टा झाली. बक्षीस मिळालं नाही. पण त्या वर्षी बिलं अडली की टर्नर विभागातला माणूस थेट लेखा विभागात जाऊ लागला. आधी तो माझ्याकडे अर्ज घेऊन यायचा. ही इर्जिकच होती. साहेबांनी औत धरलं होतं.

खेळांचंही तसंच. मुंबईच्या टाइम्स शील्ड स्पर्धेत कार्यालयांचे क्रिकेट संघ एकमेकांशी झुंजत. सुनील गावस्कर निरलॉनकडून खेळत, अजित वाडेकर स्टेट बँकेत नोकरीला होते. बिलं खतावणारा कारकून आणि कसोटीपटू एकाच कार्यालयाचे कर्मचारी असत, आणि सामन्याच्या दिवशी अर्धं कार्यालय आझाद मैदानाच्या कडेला उभं असे. कबड्डीच्या व्यावसायिक गटात बँका, रेल्वे आणि कारखान्यांचे संघ अजून उतरतात.

आणि एक उदाहरण लेखणीचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे १९२० मध्ये कारखान्याच्या बातम्या देण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' निघालं. शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली तेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि मराठी घराघरांत पोचलं. आज प्रत्येक कंपनीचं अंतर्गत वार्तापत्र निघतं. त्यातलं किती कामगार वाचतात, हे मी विचारलेलं बरं नाही. मी स्वतः असं वार्तापत्र बारा वर्षं काढलं.

*

प्रेरणेवर लिहिताना हॉथॉर्नला वळसा घालून पुढे जाता येत नाही. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे १९२४ पासून प्रयोग सुरू झाले. आधी दिव्यांचा उजेड कमी-जास्त करून पाहिला. मग १९२७ मध्ये टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवलं, त्यांना मधली सुट्टी दिली, खायला दिलं, घरी लवकर सोडलं. उत्पादन वाढत गेलं. सवलती काढून घेतल्यावरही ते फारसं उतरलं नाही. हार्वर्डचे एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून निष्कर्ष काढला की माणसाला विचारलं, त्याच्याकडे लक्ष दिलं, त्याचा गट जमला, की तो मनापासून काम करतो. व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात ही गोष्ट सांगितली जाते. मीही सांगितली आहे.

जी सांगितली जात नाही ती पुढची गोष्ट. त्या खोलीतल्या पाचांपैकी दोन मुलींना १९२८ च्या सुरुवातीलाच बदललं होतं. त्या फार बोलतात, अशी तक्रार होती. शिवाय या छोट्या गटाचा मोबदला त्यांच्याच उत्पादनावर ठरू लागला होता, म्हणजे पैशाचाही हात होता. पुढच्या अभ्यासकांनी यावर बोट ठेवलं. त्याच कारखान्यात १९३१-३२ मध्ये तारा जोडणाऱ्या चौदा पुरुषांची खोली पाहिली गेली. तिथे गट इतका घट्ट होता की दिवसाला किती काम करायचं हे त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. कुणी जास्त काम केलं की बाकीचे त्याच्या दंडावर ठोसा मारत. खेळ, पैजा, चेष्टा, खाऊ वाटणं, सगळं होतं. मैत्री होती, आणि ती उत्पादनाच्या आड येत होती, कारण काम वाढवलं तर दर कापतील ही भीती त्यांच्या मनात होती.

गट बांधला की काम आपोआप वाढतं, या भाबड्या समजाला हे उत्तर पुरेसं आहे. माणसं एकत्र येतात ती कशासाठी किंवा कुणाविरुद्ध, हे मालकाच्या वागण्यावर ठरतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी याच्याशी जवळची गोष्ट मांडली. पगार, कामाची जागा, साहेबाचं वागणं हे बिघडलं तर माणूस नाराज होतो. पण त्याला खरी उभारी येते ती कामातल्या यशाने, कौतुकाने आणि जबाबदारीने. पहिलं बिघडलेलं असताना त्यावर सहलीचा मुलामा चढत नाही.

मग मौजेचा उपयोग नाही का? आहे, आणि तो मोजताही आला आहे. एमआयटीचे अॅलेक्स पेंटलँड यांनी एका बँकेच्या कॉल सेंटरचा अभ्यास केला. तिथे कॉफीची सुट्टी एकेकाला वेगवेगळ्या वेळी मिळत असे, म्हणजे फोन कधी रिकामे राहू नयेत. पेंटलँड यांनी सुचवलं की एका चमूला एकाच वेळी सुट्टी द्या. वरवर हा वेडेपणाच. पण तसं केल्यावर मागे पडलेल्या चमूंमध्ये एक फोन उरकायला लागणारा सरासरी वेळ वीस टक्क्यांहून जास्त घटला, आणि एकूण सेंटरमध्ये आठ टक्के. अडलेला माणूस शेजाऱ्याला विचारू लागला होता, बस्स. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका शहरातल्या अग्निशमन केंद्रांवर लिहिलं. जी पथकं एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवत, त्यांचं काम वरिष्ठांच्या नजरेत सरस ठरत होतं.

आपल्याकडे याला डबा म्हणतात. आमच्या टूलरूममध्ये आठ जणांचे डबे एकत्र उघडत. मेथीची भाजी कुणाची, सुकटाची चटणी कुणाची, कुणाच्या घरी आज उपास, हे सगळ्यांना ठाऊक. कुणाच्या डब्यात लागोपाठ तीन दिवस नुसती चटणी-भाकरी दिसली, की चौथ्या दिवशी कुणीतरी न बोलता त्याच्यापुढे भाजी सरकवायचं. त्या आठ जणांमध्ये कधी हत्यार हरवल्याची तक्रार माझ्याकडे आली नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे कँटीन, दीडशेहून जास्त असतील तिथे जेवणाची खोली, आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची केली होती. कायद्याने खोली दिली, अर्धा तास दिला; गोल करून बसायचं ते माणसांनी ठरवलं. कंपन्यांनी खर्च वाचवायला हा अर्धा तास तीन तुकड्यांत वाटला, तेव्हा एका मेजावरचे आठ डबेही तीन ठिकाणी गेले. मला विचाराल तर त्या एका परिपत्रकाने जेवढं नुकसान केलं, तेवढं दहा सहलींनी भरून निघणार नाही. ते परिपत्रक मीच टंकून घेतलं होतं.

*

आताच्या कार्यालयांत 'एंगेजमेंट' नावाचं खातं असतं आणि त्याचं वर्षाचं कॅलेंडर असतं. ट्रॅडिशनल डे, फन फ्रायडे, रांगोळी स्पर्धा, नवरात्राचे नऊ रंग, टीम आउटिंग. यातलं काही चांगलं आहे. लोकलच्या डब्यात दसऱ्याला फुलं लावणाऱ्या बायकांना कुठल्या खात्याची परवानगी लागत नाही, तसंच कार्यालयात भोंडला आपणहून रंगला तर त्याची गोडी वेगळीच. पण कॅलेंडर आलं की सक्ती येते, आणि सक्ती आली की मौज हजेरीत जमा होते. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०२२ रोजी यावर निवाडाही दिला. पॅरिसच्या एका सल्लागार कंपनीने कंपनीच्या 'मौजे'त सामील होत नाही म्हणून एका कर्मचाऱ्याला काढलं होतं. त्या मौजेत दारूच्या बैठका आणि ओंगळ चेष्टा असायच्या. न्यायालयाने कर्मचाऱ्याची बाजू घेतली. मौज नाकारण्याचा हक्क नोकराला आहे, एवढं तरी यातून कायम झालं.

याहून मोठी अडचण वगळलेल्यांची आहे. चाकण-भोसरीत एकाच लाईनवर परमनंट, कंत्राटी आणि ट्रेनी शेजारी उभे असतात. काम एक, ओळखपत्राच्या फितीचा रंग वेगळा. स्नेहसंमेलनाचं आमंत्रण एकाच रंगाला जातं. ज्या दिवशी कंत्राटी मुलगा यंत्राजवळ थांबतो आणि परमनंट लोक बसमध्ये बसून सहलीला जातात, त्या दिवशी कंपनी स्वतःच्या खर्चाने दोन गट तयार करते. रात्रपाळीच्या वाट्याला दिवसाच्या कार्यक्रमातला गार सामोसा येतो. रात्री उशिरा सुटणाऱ्या पार्टीला बायका येत नाहीत आणि मग 'लेडीज स्टाफला आवड नाही' असा शेरा पडतो. त्यांना घरी सोडायला गाडी होती का, हे कुणी विचारत नाही. घरून काम करणाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. पडद्यावर अंताक्षरी खेळायला लावण्यापेक्षा त्यांना महिन्यातून एकदा एका मेजाभोवती बसवून अडलेलं काम मिळून सोडवू द्यावं, असं माझं मत आहे.

*

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडं. सुरुवातीच्या प्रकरणांत वेळ आणि जागा यांचा विचार आहे: सुट्टी, चहा, डबा, कँटीन. मधल्या भागात खेळ, नाटक, भजन, सण आणि सहल असे एकेक प्रकार घेतले आहेत. प्रत्येकाचा अंदाजे खर्च, लागणारी माणसं आणि हमखास होणाऱ्या चुका दिल्या आहेत. चुका बहुतेक माझ्याच आहेत. शेवटच्या भागात लहान उद्योगांसाठी सूचना आहेत, कारण पंधरा माणसांच्या वर्कशॉपला रिसॉर्ट परवडत नाही आणि त्याची गरजही नसते.

ज्यांना सगळं पुस्तक वाचायला सवड नाही त्यांच्यासाठी सार इथेच सांगतो. कार्यक्रम कामाच्या वेळात ठेवा. माणसाचा रविवार त्याचा त्याच्याकडे राहू द्या. कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीत निम्मी माणसं शॉपफ्लोअरवरची घ्या आणि त्यांत कंत्राटी कामगार असू द्या. जमाखर्च बोर्डावर लावा. न येणाऱ्याला कारण विचारू नका. दरवर्षी पाळी फिरू द्या; यंदा पेंटशॉप यजमान, पुढच्या वर्षी लेखा विभाग. आणि साहेबांना वाढायला उभं करा, भाषणाला नको.

पगार, बढती, सुरक्षितता आणि न्याय यांची जागा या पुस्तकातली कुठलीही गोष्ट घेऊ शकत नाही. बोनस बुडवून क्रिकेटचे सामने भरवायचे असतील, तर हे पुस्तक विकत घेऊ नये. पैसे वाया जातील.

आभार मानायचे ते पुष्कळांचे आहेत. टूलरूमच्या मेजावर मला नवव्या माणसाची जागा देणाऱ्या आठ जणांचे, चोराची भूमिका करणाऱ्या लेखाधिकाऱ्यांचे, आणि सगळ्यांत जास्त पेंटशॉपच्या त्या मिस्त्रींचे. हस्तलिखित त्यांना वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, "नाव लिहू नका. पण ओव्हरटाइमचं लिहिलंत ते बरं केलंत." कापलेले तास पुढे वर्षभराने परत मिळाले, त्यासाठी युनियनला तीन बैठका घ्याव्या लागल्या आणि माझ्या सहलींचा त्यात काही वाटा नव्हता.

वाचकांना एकच विनंती. तुम्ही मालक असा, व्यवस्थापक असा, नाहीतर गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणारे सेक्रेटरी असा, पुढच्या सहलीचं परिपत्रक काढण्याआधी एकदा कँटीनमध्ये जाऊन बसा आणि विचारा, गेल्या वर्षात कुणाला झेलायचं राहून गेलं. आधी ते करा. बसगाड्या मग ठरवता येतील.